सात अक्षरांचं नाव कुठवर पुरतं?

गिट हे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन. त्यात प्रत्येक कमिटला, म्हणजे बदलांच्या एकेका नोंदीला, सहसा ४० अक्षरांचा हॅश असतो; तेच तिचं नाव. तो कुणी ठरवत नाही. कमिटच्या मजकुरावर एसएचए-१ चं गणित चालवलं की मिळतो. शून्य ते नऊ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरं, एवढी सोळाच चिन्हं त्यात येतात. एरवी बोलताना, लिहिताना आपण त्यातली पहिली सातच वापरतो.

सात चिन्हांतून २६,८४,३५,४५६ नावं बनतात. एवढी नावं असताना दोघांचं एकच कसं निघेल, असं वाटणं साहजिक आहे. पण इथे मोजायच्या असतात त्या जोड्या. २३ माणसं जमली, तर त्यांच्या २५३ जोड्या होतात आणि कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. तसंच २०,००० हॅशांच्या जोड्या होतात जवळपास २० कोटी! म्हणजे तिथेच कुठल्या तरी दोघांची पहिली सात अक्षरं जुळण्याची शक्यता निम्म्याच्या पुढे जाते.

आणि २०,००० हा आकडा लांबचा नाही. गिट फाइलच्या प्रत्येक आवृत्तीला आणि फोल्डरच्या प्रत्येक यादीलाही हॅश देतं. एका फोल्डरमधली एकच फाइल बदलून कमिट केली, तरी चार नवे हॅश तयार होतात: फाइलचा, त्या फोल्डरचा, मुख्य फोल्डरचा आणि कमिटचा. पाच हजार कमिटमध्ये हिशेब पुरा.

छोटा हॅश, म्हणजे ही पहिली काही अक्षरं, गिट कुठेही साठवून ठेवत नाही, हे मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दाखवायच्या वेळी ते तो नव्याने काढतं. पॅक केलेले, म्हणजे एकत्र बांधून ठेवलेले, हॅश शब्दकोशासारखे क्रमाने लावलेले असतात, त्यामुळे अलीकडच्या-पलीकडच्या शेजाऱ्याशी ताडून पाहिलं की पुरतं. सातात फरक दिसला नाही, तर आठवं अक्षर घ्यायचं. म्हणजे छोटा हॅश एकमेव असतो तो त्या घडीपुरता. उद्या त्याच सात अक्षरांनी सुरू होणारा दुसरा हॅश आला, तर जुन्या नोंदीतला उल्लेख संदिग्ध होतो.

२०१६ च्या २.११ आवृत्तीपासून किती अक्षरं लागतील याचा गिट आधीच अंदाज बांधतं. हॅश चौपट झाले की एक अक्षर वाढवायचं. दहा लाखांना दहा, एक कोटीला बारा. मर्क्युरिअल हे गिटसारखंच दुसरं साधन तर एरवी बाराच दाखवतं. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमध्ये, जुनी चूक दुरुस्त करणाऱ्या कमिटमध्ये मूळ कमिटची किमान बारा अक्षरं लिहावी लागतात, आणि सोबत तिचं शीर्षकही.