ग्राहक सहकारी दुकानाच्या संचालकपदाला उभं राहायचंय? आधी ही खुर्ची आली कुठून ते बघा

सभासदांच्याच मालकीचं किराणा दुकान असतं, तिथे संचालक मंडळाची निवडणूक लागली की बऱ्याचदा जागा जेवढ्या तेवढेच अर्ज येतात आणि सगळं बिनविरोध उरकतं. हे माझ्या मनाला खरंच लागतं, कारण ह्या जागेला उभं राहायचा हक्क लोकांनी भांडून मिळवलाय.

२१ डिसेंबर १८४४ ला इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात, टोड लेनवर, विणकर आणि इतर कामगारांनी मिळून एक दुकान उघडलं. भांडवल २८ पौंड, तेही आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून जमवलेलं. माल बघाल तर पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ, थोड्या मेणबत्त्या, बास. त्या काळी पिठात खडू नि तुरटीची भेसळ सर्रास चालायची, आणि उधारीवर घेणारा गिऱ्हाईक दुकानदाराच्या हातात कायमचा अडकायचा, म्हणून ह्यांनी ठरवलं की माल शुद्ध, वजन पक्कं आणि उधारी बंद. नफा वाटायचा तो ज्याने जेवढी खरेदी केली त्या हिशोबाने. पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एक सभासद एक मत, शेअर कितीही असूदेत. कारभारी सभासदांनी निवडायचे आणि दर तीन महिन्यांनी त्यांनी सगळ्यांसमोर हिशोब मांडायचा. एरवी कंपनीत ज्याचा पैसा जास्त त्याचा आवाज मोठा, इथे ते मुळातच मोडून काढलं.

तरी दार सगळ्यांना उघडं नव्हतंच. खरेदी बायका करायच्या पण कित्येक संस्थांमध्ये एका घरातून एकच सभासद घ्यायचे, म्हणजे अर्थातच नवरा, मग बाईला मत कुठलं आणि उभं राहणं कुठलं. १८८३ मध्ये विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड ही सहकारी चळवळीतल्या बायकांची संघटना निघाली, १८८९ पासून मार्गारेट लेवेलिन डेव्हिस तिच्या सरचिटणीस होत्या, आणि ह्या बायकांनी सभासदत्व खुलं करा म्हणून वर्षानुवर्षं धोशा लावला. सहकारी दुकानांना माल पुरवणाऱ्या इंग्लंडमधल्या सहकारी घाऊक संघाची स्थापना १८६३ ची, त्याच्या मंडळावर पहिली बाई संचालक, मेरी कॉट्रेल, निवडून आली १९२२ मध्ये. ५९ वर्षं लागली!

पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत फूड को-ऑपची, म्हणजे अशाच सभासदांच्या मालकीच्या किराणा दुकानांची, नवी लाट आली. त्यातल्या बऱ्याच तरुण मंडळींना बोर्ड, मॅनेजर असलं काही नकोच होतं, सगळे मिळून ठरवू म्हणायचे. पण दुकान वाढलं की तासन् तास मीटिंगा व्हायच्या आणि निर्णय मात्र लटकलेला, मग हळूहळू बहुतेकांनी निवडून आलेलं मंडळ आणि पगारी मॅनेजर हीच पद्धत धरली. उलट कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचं मोठं को-ऑप बघा, लाखावर सभासद, पण मंडळात गटबाजी, पॅनेलविरुद्ध पॅनेल, त्यात धंद्याचा तोटा, आणि १९८८ मध्ये ते बंदच पडलं. तोट्याची कारणं इतरही होती, पण भांडणाऱ्या मंडळाला ती वेळेत आवरता आली नाहीत असं माझं मत.

म्हणून आज संचालकाचं काम शेल्फवर काय ठेवायचं हे सांगणं नसतं. मॅनेजर नेमणं, त्याच्याकडून जाब घेणं, ताळेबंद वाचणं, पुढच्या पाच-दहा वर्षांची दिशा ठरवणं हे असतं. अर्ज भरायच्या आधी निदान मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि पोटनियम मागून घ्या, सभासद म्हणून तुम्हाला ते मागता येतात, आणि जे कळणार नाही ते वार्षिक सभेत उभं राहून विचारा.