पांढरी सोडल्यावर: किल्लारी भूकंप आणि गावातली म्हातारी माणसं

मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना संकटाची तयारी माहीत नव्हती, असं कुणी म्हणू नये. ती तयारी दुष्काळाची होती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली, सुकडी आणि मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) खाल्लेली पिढी घरात बळद, म्हणजे धान्याचं कोठार, भरलेलं ठेवायची आणि सगळं धान्य एकदम विकायची नाही. जमीन हलेल हे मात्र कुणाच्या हिशोबात नव्हतं. कोयनेचा 1967 चा भूकंप म्हणजे दूर घाटाकडची गोष्ट. 1992 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या आसपास धक्के बसू लागले, लोक घाबरले, काही दिवस उघड्यावर झोपले आणि पुन्हा घरात गेले.

घरं माळवदाची होती. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि त्यावर माती. छत गळू नये म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. जुना थर कुणी काढत नसे. बाप पसरायचा, मग मुलगा पसरायचा, आणि एखाद्या जुन्या घराच्या डोक्यावर दोन-दोन फूट माती साचायची. पावसाची ही नेटकी तयारी 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंपात अंगावर आली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मृतांचा सरकारी आकडा 8 हजारांच्या आत राहिला, बोलण्यात तो 10 हजार असतो.

पुढचं सगळं राजकारण ‘पुनर्वसन’ या शब्दाभोवती फिरलं. सरकारी कागदावर त्याचे दोन अर्थ होते. जास्त पडझड झालेली 52 गावं उचलून नव्या जागी वसवायची. बाकीच्या शेकडो गावांत आहे त्याच ठिकाणी दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं. म्हाताऱ्यांच्या तोंडी पहिल्या प्रकाराला वेगळा शब्द होता: पांढरी सोडणं. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गाव. माळवदावरची माती याच पांढरीची.

नव्या गावात घर केवढं मिळणार, हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400 आणि त्याहून जास्त जमीन असेल तर 750. या निकषाची बाजू मांडणारे म्हणत, मोठ्या शेतकऱ्याला बी-बियाणं, अवजारं, धान्य ठेवायला जागा लागते. हे खरंच आहे. पण घराने कोसळताना सातबारा पाहिला नव्हता, आणि भूमिहीन विधवेच्या घरातही माणसं तितकीच असतात.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत हा निकष दोन्ही बाजूंनी टोचला. जमीन नसलेल्यांचं सरळ होतं: खोली लहान. जमीन असलेल्यांचा गुंता वेगळा. सातबारा बहुधा म्हाताऱ्याच्याच नावावर. पोरांच्या चुली केव्हाच वेगळ्या झालेल्या, पण वाटणी तोंडी. जुन्या वाड्यात ते खपून जायचं, एकेक खण एकेकाला. नव्या गावात प्रश्न आला, हे कुटुंब एक की तीन? म्हातारा हयात आहे तोवर कागद एक म्हणे आणि चुली तीन म्हणत. घर ज्याच्या नावावर, तोच मग सुनांच्या भांडणात मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा शेतातल्या कोठ्यावर जाऊन राहिल्याची उदाहरणं आहेत. निकष ठरवणाऱ्यांना एकत्र कुटुंब माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मोजायला जमीन सोपी होती, एवढंच.

त्यात घरं आकारानुसार ओळीने वाटली गेली, आणि भावकी, गल्ली, शेजार विस्कटला. आखणी शहरासारखी: सरळ रुंद रस्ते, दूर-दूर घरं. गुडघे दुखणाऱ्या बाईला पूर्वी चार उंबरे ओलांडले की सोबत मिळायची. आता उन्हातून अर्धं गाव चालावं लागे. शेतही लांब पडलं. गोठ्याला जागा नव्हती, आणि दूध-शेणाचं काम हाच तर म्हातारपणाचा मान होता. काहीजण हळूहळू शेताजवळ परतले.

त्यानंतर देशात 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला, जिल्ह्याजिल्ह्यांत आराखडे झाले. त्यांत ‘ज्येष्ठ नागरिक’ हे शब्द येतात, बहुतेक दिव्यांग आणि गरोदर स्त्रियांच्या सोबत एका ओळीत. 2019 आणि 2021 च्या कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात गोठा सोडून न निघणारे म्हातारे हट्टी ठरवले गेले. जनावरं आधी हलवली की माणूस आपण होऊन निघतो, हे पूरपट्ट्यातल्या पोरांना आराखड्याच्या आधीपासून ठाऊक आहे.

1993 ला चाळिशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. घर सिमेंटचं आहे, पोरांनी वर मजला चढवलाय. तरी पुढच्या पत्र्याखाली बाज टाकलेली दिसते, भिंतीपासून हातभर लांब.