राष्ट्रीय दुखवटा आणि राष्ट्रीय स्मृतिदिन: अर्ध्यावर आलेला ध्वज नेमके काय सांगतो?

सरकारी इमारतींवरचा ध्वज अर्ध्यावर आहे, ठरल्या मिनिटाला भोंगा वाजतो, वाहने जागच्या जागी थांबतात आणि माणसे मान खाली घालून उभी राहतात. या दृश्यावरून कोणाच्या तरी मृत्यूची सार्वजनिक दखल घेतली जात आहे एवढे कळते; ते मृत्यू गेल्या आठवड्यातले आहेत की ऐंशी वर्षांपूर्वीचे, हे मात्र कळत नाही. राष्ट्रीय दुखवटा आणि राष्ट्रीय स्मृतिदिन यांची बाह्य चिन्हे जवळजवळ सारखी असल्यामुळे बोलण्यात आणि बातम्यांतही हे दोन शब्द सहज एकमेकांच्या जागी येतात. त्यांतला फरक केवळ काळाचा असता, तर त्याविषयी एवढे लिहिण्याची गरज नव्हती. पण दुखवटा जाहीर करताना सरकारला जे ठरवावे लागत नाही, तेच स्मृतिदिन नेमताना ठरवावे लागते: काय घडले, कोणामुळे घडले आणि गेलेल्यांना कोणत्या शब्दाने ओळखायचे.

दुखवटा हा मुळात शासनाचा आदेश असतो. त्याला सुरुवातीची तारीख असते आणि शेवटचीही असते, आणि त्या दोन तारखांच्या दरम्यान ध्वज, समारंभ व सरकारी करमणुकीचे कार्यक्रम यांचे काय करायचे हे आधीच लिहून ठेवलेले असते. अमेरिकेच्या नियमांनुसार विद्यमान किंवा माजी अध्यक्षाच्या निधनानंतर ध्वज ३० दिवस अर्ध्यावर राहतो. म्हणून २९ डिसेंबर २०२४ रोजी जिमी कार्टर यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या दुखवट्याचा काळ २० जानेवारी २०२५ च्या नव्या अध्यक्षांच्या शपथविधीपर्यंत पोहोचला. भारतात डिसेंबर २०२४ मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांच्या निधनानंतर सात दिवसांचा आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये लता मंगेशकर यांच्या निधनानंतर दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळण्यात आला. ब्रिटनमध्ये राणी एलिझाबेथ यांचे ८ सप्टेंबर २०२२ रोजी निधन झाल्यावर राष्ट्रीय दुखवटा १९ सप्टेंबरच्या अंत्यविधीपर्यंत चालला, परंतु दुकाने किंवा संस्था बंद ठेवण्याचे बंधन कोणावर नव्हते.

व्यक्तीच्या निधनापेक्षा आपत्तीनंतरचा दुखवटा अधिक विचार करायला लावतो, कारण तिथे ज्यांच्यासाठी ध्वज उतरतो ती माणसे सामान्य नागरिक असतात. चीनचे उदाहरण या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटते. तिथल्या १९९० च्या ध्वजकायद्यात मोठी जीवितहानी झाल्यास ध्वज अर्ध्यावर उतरवण्याची तरतूद होती, पण सामान्य नागरिकांसाठी देशव्यापी दुखवटा मात्र पहिल्यांदा पाळला गेला तो १२ मे २००८ च्या वेनचुआन भूकंपानंतर. १९ ते २१ मे असे तीन दिवस ध्वज अर्ध्यावर राहिला आणि ऑलिंपिक ज्योतीचा देशातील प्रवास थांबवण्यात आला. मृत्यूनंतरचा सातवा दिवस चिनी परंपरेत महत्त्वाचा मानला जातो, आणि १९ मे हा नेमका तो दिवस होता. त्या दिवशी दुपारी २ वाजून २८ मिनिटांनी, म्हणजे भूकंपाच्या क्षणी, देशभर तीन मिनिटे स्तब्धता पाळली गेली. मोटारी, रेल्वेगाड्या आणि जहाजे यांचे भोंगे त्या वेळी एकदम वाजत होते. पुढच्या वर्षापासून १२ मे हा दिवस दरवर्षी पाळला जाऊ लागला, पण तो आपत्ती निवारण दिन म्हणून. कोसळलेल्या शाळांच्या बांधकामाविषयी पालकांनी विचारलेले प्रश्न त्या नावात कुठेही मावत नाहीत. तीन दिवसांच्या दुखवट्यात सरकार आणि ते पालक शेजारी उभे राहू शकले, कारण दुखवट्याला कारणमीमांसा लागत नाही; कॅलेंडरवर कायमचे नाव लिहिण्याची वेळ आली, तेव्हा ते नाव सरकारने निवडले.

इतर देशांत तपशील बदलतात. स्पेनमध्ये २००४ च्या माद्रिदमधील रेल्वेगाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतर तीन दिवसांचा दुखवटा होता, तर कोरोनाच्या साथीत गेलेल्यांसाठी २७ मे २०२० पासून दहा दिवसांचा. साथीला एक क्षण नसतो, एक ठिकाणही नसते, त्यामुळे तो दुखवटा केव्हा सुरू करायचा हासुद्धा निर्णयाचाच भाग होता. सौदी अरेबियाच्या ध्वजावर इस्लामची श्रद्धावचने लिहिलेली असल्यामुळे तो कोणत्याही प्रसंगी अर्ध्यावर आणला जात नाही, म्हणजे दुखवट्याचे जगभर परिचित असलेले चिन्हही सार्वत्रिक नाही.

स्मृतिदिनाची घडण वेगळी असते. पहिल्या महायुद्धाची शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ रोजी झाली. त्यानंतर बरोबर एका वर्षाने राजे पाचवे जॉर्ज यांच्या आवाहनानुसार ब्रिटिश साम्राज्यात सकाळी अकरा वाजता दोन मिनिटे स्तब्धता पाळण्यात आली. आज आपण कोणत्याही शोकसभेत ज्या स्तब्धतेला सरावलो आहोत, तिला व्यापक रूढीचे रूप या प्रसंगाने दिले. ताज्या शोकासाठी आज सर्रास वापरली जाणारी ही रीत प्रसृत झाली ती स्मरणासाठी, हे लक्षात घेतले की दोन्हींची सरमिसळ इतकी का होते ते कळते.

स्मृतिदिनाचा अर्थ हाताळता येतो, उलटवताही येतो, हे जर्मनीच्या इतिहासात स्पष्ट दिसते. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांसाठी तिथे १९२० च्या दशकात ‘फोल्क्सट्राउअरटाग’ म्हणजे लोकांचा शोकदिन सुरू झाला. १९३४ मध्ये नाझी राजवटीने त्याचे नाव बदलून ‘हेल्डनगेडेंकटाग’, म्हणजे वीरांचा स्मृतिदिन, असे केले आणि अर्ध्यावरचा ध्वज पूर्ण उंचीवर नेला. पडलेले तेच होते, त्यांचे आप्तही तेच होते. पण शोक काढून टाकून तिथे पुढच्या युद्धाची तयारी बसवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत जुने नाव परत आले, १९५२ मध्ये तो दिवस नोव्हेंबरमध्ये हलवण्यात आला आणि आता त्या दिवशी केवळ सैनिकांचे नव्हे, तर युद्धाचे आणि जुलमी राजवटींचे बळी ठरलेल्या सर्वांचे स्मरण केले जाते. नावात ‘शोक’ असूनही हा दिवस सर्व अर्थांनी स्मृतिदिन आहे, म्हणून नावावरून निष्कर्ष काढणेही धोक्याचे ठरते.

दुखवट्यावर एकमत होणे तुलनेने सोपे असते. स्मारकावर मात्र ते होतेच असे नाही. नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ओस्लो आणि युवकांचे शिबिर चालू असलेले उटोया बेट येथील हल्ल्यांत ७७ जणांचा बळी गेला. तीनच दिवसांनी लाखांहून अधिक लोक हातात गुलाब घेऊन ओस्लोच्या रस्त्यांवर उतरले. मात्र बेटासमोरच्या भूशिरात खोल चीर पाडून उभारायचे ठरलेले स्मारक परिसरातील रहिवाशांच्या विरोधामुळे २०१७ मध्ये रद्द करावे लागले. ज्यांनी त्या दिवशी आपल्या होड्या घेऊन मुलांना पाण्यातून बाहेर काढले, त्यांच्यापैकी काहींना ती चीर रोज डोळ्यांसमोर नको होती. ही भूमिका मला पूर्णपणे समजण्यासारखी वाटते. अखेर २०२२ मध्ये बेटाकडे जाणाऱ्या धक्क्याजवळ कांस्याचे ७७ स्तंभ उभे राहिले.

ध्वजाकडे नीट पाहिले, तर कित्येक देशांनी हा फरक त्याच्या हालचालीतच बांधून ठेवलेला दिसतो. अमेरिकेत मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेला ध्वज दुपारी बारापर्यंतच अर्ध्यावर असतो आणि नंतर पूर्ण उंचीवर नेला जातो. ऑस्ट्रेलियात २५ एप्रिलच्या ॲन्झॅक दिनालाही, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनालाही, असेच होते. इस्रायलमध्ये लष्करातील मृतांचा स्मृतिदिन संपता संपता संध्याकाळी जेरुसलेममधील हर्झल टेकडीवरच्या समारंभात ध्वज वर जातो आणि त्याच क्षणी स्वातंत्र्यदिन सुरू होतो. मृत्यूला राष्ट्राच्या पुढच्या वाटचालीशी जोडायचे असेल, तरच ध्वज त्याच दिवशी वर नेण्याला अर्थ राहतो. ताज्या दुखवट्यात अशी जोडणी कोणी केली, तर ती आप्तांना क्रूर वाटेल.

उलट दिशेची गल्लत दक्षिण कोरियात दिसली. २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री सोलच्या इतेवॉन भागातील अरुंद गल्लीत झालेल्या चेंगराचेंगरीनंतर सरकारने लगेच ५ नोव्हेंबरपर्यंत राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. सरकारी श्रद्धांजली स्थळांवर मृतांची नावे नव्हती आणि छायाचित्रेही नव्हती. शिवाय ‘बळी’ या शब्दाऐवजी ‘अपघातात मरण पावलेले’ असा शब्दप्रयोग करावा, अशी सूचना देण्यात आली होती. गर्दीच्या नियोजनात कोण चुकले हे ठरण्याआधीच तो अपघात असल्याचे दुखवट्याच्या भाषेतून ठरवून टाकण्यात येत आहे, अशी टीका झाली. कुटुंबीयांनी डिसेंबरमध्ये स्वतःचे स्थळ उभारले आणि तिथे छायाचित्रे लावली. दुखवट्याचे मोल तो कारणांविषयी मौन पाळतो यातच आहे, असे मी वर सुचवले. ते मौन सरकारने शब्दयोजनेतून मोडले, की दुखवट्यालाच निकालाचे रूप येते आणि मग आप्तांना शोक बाजूला ठेवून वाद घालावा लागतो.

रवांडात मात्र हे दोन्ही जाणीवपूर्वक एकत्र ठेवलेले आहेत. १९९४ मध्ये तुत्सी समाजातील लोकांच्या वंशसंहारात आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. दरवर्षी ७ एप्रिलपासून पहिला आठवडा अधिकृत दुखवट्याचा असतो. ध्वज अर्ध्यावर येतो आणि सार्वजनिक ठिकाणी करमणुकीचे संगीत बंद राहते. या आठवड्यापासूनचे शंभर दिवस ‘क्विबुका’चे, म्हणजे स्मरणाचे, असतात, कारण संहारही साधारण तितकेच दिवस चालला होता. दशकांनंतरही तिथे दुखवटा हा शब्द अचूकच ठरतो. आजही देहावशेष सापडतात, त्यांचे सन्मानाने दफन होते, आणि त्या कुटुंबांसाठी मृत्यूची निश्चित बातमी कधी कधी त्याच वर्षी आलेली असते.

जपानने सरकारी पातळीवरचे स्मरण कधी थांबवायचे हेही ठरवले. ११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीतील मृतांसाठी सरकारतर्फे दरवर्षी होणारा राष्ट्रीय श्रद्धांजली समारंभ दहाव्या वर्षी, २०२१ मध्ये, शेवटचा ठरला. ईशान्येकडच्या किनाऱ्यावरील गावांनी आणि शहरांनी आपापले कार्यक्रम पुढे चालू ठेवले. तिथे आजही ११ मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी लोक समुद्राकडे तोंड करून हात जोडतात.