पाणलोट कामकरी (नागपूर जिल्हा)

नाले, बोड्या (लहान तळी), तलाव आणि त्यांच्या पाणलोट क्षेत्रात माती-पाणी अडवण्याचे, तसेच झालेली कामे राखण्याचे काम करणारी माणसे. यांत सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), जलसंधारण अधिकारी, संस्थांचे क्षेत्र कार्यकर्ते, पाणलोट समितीचे सचिव, ग्रामरोजगार सेवक, मेट (मजुरांवर देखरेख करणारा), मातीकाम-दगडकामाच्या टोळ्या, तलावाखालचे पाणी वाटणारे पाणकर आणि मासेमार ढिवर एवढे सगळे येतात. कागदोपत्री यांना एका नावाखाली कोठे घातलेले नाही.

कामाचे स्वरूप जिल्ह्याच्या भूरचनेप्रमाणे बदलते. काटोल, नरखेड, कळमेश्वर, हिंगणा हा पश्चिम भाग बेसाल्टचा. वर बरड (उथळ, खडकाळ जमीन), खाली मुरूम, सखलात काळी जमीन. संत्राबागांच्या उपशामुळे येथे भर विहिरींच्या पुनर्भरणावर असतो. रामटेक, मौदा, कुही, भिवापूर या पूर्व भागात बव्हंशी जुना स्फटिकी खडक, धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते) आणि तलाव. पश्चिमेचा कामकरी प्रामुख्याने चर खोदणारा, पूर्वेचा पाळ (तलावाचा मातीचा बांध) राखणारा.

तलाव बांधणाऱ्यांचा उगम. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी (एकेकाळी मालगुजार, म्हणजे गावाचा सारा भरणारे जमीनदार, यांच्याकडे असलेल्या) तलावांचे श्रेय बहुधा कोहळी समाजाला दिले जाते. मध्य प्रांतातील जाती-जमातींवर ग्रंथ लिहिणारे रसेल व हिरालाल (१९१६) यांनी वैनगंगेच्या खोऱ्यातील हे शेतकरी तलाव बांधण्यात निष्णात असल्याचे नोंदवले आहे. ते मूळचे कोठले, याविषयी एकमत नाही. चांद्याच्या (आजचे चंद्रपूर) एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत आणले, ही परंपरा सर्वाधिक सांगितली जाते. दुसरे मत त्यांना स्थानिक कुणबी शेतकऱ्यांतूनच, ऊस व धानाच्या सिंचनामुळे वेगळा पडलेला गट मानते. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, हे गोंडकालीन धोरण मात्र दोन्ही पक्षांना मान्य आहे. काळ साधारणपणे सोळावे ते अठरावे शतक धरतात, पण एकेका तलावाचा काळ सांगणारा लेखी पुरावा विरळा. तलावांचा विस्तार आणि त्यांच्या बांधणीतील फरक पाहता एकाच स्थलांतराने सगळे घडले असे मानणे अवघड वाटते. शिवाय आखणी करणारा आणि टोपलीने माती वाहणारा एकच होता असे नाही. दुसऱ्याविषयी साधने जवळजवळ गप्प आहेत.

मालगुजारी १९५०च्या कायद्याने संपली व तलाव शासनाकडे गेले. पाळीच्या दुरुस्तीला गावकरी लावणारा मालगुजार गेला. पाणकर काही गावांत टिकला, त्याचा मोबदला परंपरेने धान्यात.

समिती आणि पथक. रोजगार हमी (१९७२ पासून) व सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम (१९८३) यांतून आजची कामकरी रचना आली. २००८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ग्रामसभा किमान दहा जणांची पाणलोट समिती नेमते. निम्मे सदस्य बचतगट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला व भूमिहीनांचे प्रतिनिधी असावे लागतात. पाणलोट विकास पथकात किमान चार जण. खासगी जमिनीवरील मृद-जलसंधारणाच्या कामाला खर्चाच्या किमान १० टक्के, अल्प व अत्यल्प भूधारक आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के लोकवाटा. तो पाणलोट विकास निधीत जमा होऊन पुढे देखभालीला वापरायचा असतो. वाटा मजुरीतून परस्पर कापला की निधी भरतो, पण त्याचा बोजा जमीनमालकाऐवजी भूमिहीन मजुरावर पडतो.

चराची आखणी. काम माथ्याकडून पायथ्याकडे जाते. उतारावर समतल रेषा हायड्रोमार्करने काढतात: दोन मोजपट्ट्या, त्यांना जोडणारी पारदर्शक नळी, आत पाणी. सुरुवातीला दोन्ही पट्ट्या एकाच जागी धरून पातळी सारखी दिसते का ते पाहावे लागते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर मापन चुकते आणि चूक पुढच्या प्रत्येक खुणेत चढत जाते. खुणा पटल्या की फक्की (चुन्याच्या भुकटीची रेघ) मारतात.

प्रचलित सलग समतल चर ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. दोन ओळींत १० मीटर अंतर धरल्यास हेक्टरी सुमारे १,००० मीटर चर, म्हणजे १८० घनमीटर. एका भरण्यात १८ मिमी अपधाव (जमिनीवरून वाहणारे पावसाचे पाणी) मावतो. नागपूरकडच्या जोरदार सरीला एवढी जागा अपुरी पडते, म्हणून नुसत्या चरांवर भिस्त ठेवू नये. उकरलेली माती खालच्या अंगाला, काठापासून थोडी जागा सोडून टाकतात. काठालगत टाकलेली पहिल्याच पावसात चरात उतरते. सलग चरातही मध्ये मध्ये न खोदलेली पट्टी ठेवणे इष्ट. आखणी एका टोकाला १५ सेंमी खाली गेली तर ते टोक काठोकाठ भरते तेव्हा वरच्या टोकाला निम्मेच पाणी असते, आणि चर फुटतो तो खालीच. मोजमापासाठी खड्ड्यात मूळ जमिनीच्या पातळीचा मातीचा खांब ठेवतात. त्यावर बाहेरची माती चढवून खोली वाढवून दाखवण्याची लबाडी जुनी आहे. अनुभवी मेट खांबाच्या माथ्यावरचे जुने गवत पाहतो.

काळ्या भारी जमिनीत समतल बांध घालू नयेत, हे मत आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिले पाणी बांधाच्या पोटात शिरते व तो आतून पोखरला जातो. वर तुंबलेल्या पाण्याने पीक पिवळे पडते. तेथे ढाळीचे (किंचित उतार दिलेले) बांध व पाणी सुरक्षित नाल्यात सोडणारी वाट हवी. नेमका हाच धुरा (दोन शेतांमधली हद्द) शेजाऱ्यांच्या भांडणाचा असतो, त्यामुळे ढाळ नकाशावर एक आणि शिवारात दुसरा.

नाल्यात आडव्या घातलेल्या अनगड (न घडवलेल्या) दगडी बांधात मोठे दगड बाहेरून, बारीक आत. माथा मध्यभागी खोलगट. तो सपाट किंवा फुगीर ठेवला तर पाणी कडेने काठ कापते.

खोलीकरण व गाळ. नाला खोलीकरणाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. वर्धा जिल्ह्यातील तामसवाडा नाल्याच्या कामाचा दाखला नागपूरकडे वारंवार दिला जातो. तेथे उपचार (माती-पाणी अडवण्याची कामे) नाल्यापुरते नव्हते, ही बाब उद्धृत करणारे बहुधा गाळतात. माथ्यावर काहीच न करता पोकलेनने नाला उकरला तर तो पुन्हा भरतो. काठ सरळ उभे कापले तर ढासळतात. तलावातील गाळ काढताना तळाचा चिकणमातीचा थर भेदला की पाणी झिरपून जाते. पाळीच्या पायथ्याशी खोदल्यास पाळ खचते. काढलेला गाळ बरड-मुरमाड शेतात उपयोगी, काळ्या जमिनीत निचरा बिघडवणारा. खोल खड्ड्यांमुळे मासेमारीचे जाळेही ओढता येत नाही. ढिवरांच्या सहकारी संस्थांना गाळ काढण्याच्या आराखड्यात क्वचितच विचारले जाते.

जुन्या तलावातून पाणी तुडुमाने सोडतात: वेगवेगळ्या उंचीची भोके, पातळी उतरेल तसे वरून खाली एकेक बूच काढायचे. पाणकर ते रोवणीच्या आणि धान निसवण्याच्या वेळी ठरलेल्या क्रमाने उघडतो. दुरुस्तीत तुडुमाच्या जागी एकच लोखंडी दार बसवले की पाणी तळातून, गाळासह येते. सांडव्यावर (जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर) मासे अडवायला वा पाणी वाढवायला रचलेले दगड अतिवृष्टीपूर्वी काढणे हेही पाणकराचेच काम. ते राहिले तर पाळ फुटते.

शहर. नाग नदी लाव्हा गावाच्या परिसरातील टेकड्यांकडून अंबाझरी तलावामार्गे, पिवळी नदी गोरेवाडा तलावाकडून येते. शहरात काम मुख्यतः पावसाळ्यापूर्वी गाळ व जलपर्णी काढण्याचे, महापालिकेची यंत्रे व कंत्राटी मजूर यांचे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर अंबाझरीच्या सांडव्याकडे लक्ष गेले. वरच्या पाणलोटात राखणदार असा कोणी नेमलेला नाही.