प्रक्षेपण खिडकीची काच

घरगुती चित्रपटगृहात प्रोजेक्टर भिंतीपलीकडे किंवा ध्वनिरोधक पेटीत ठेवला, तर त्याचा झोत खोलीत येण्यासाठी जो झरोका ठेवतात त्यावर बसवलेली काच. पंख्याची घरघर पलीकडे राहावी आणि चित्र अलीकडे जसेच्या तसे यावे, एवढेच तिचे काम. ती निवडताना ‘उजेड किती कमी होईल?’ हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो. खरे तर तो दुय्यम आहे. काचेवरून उलटलेला प्रकाश जातो कुठे, हे पाहणे जास्त महत्त्वाचे.

झरोक्याची ही रीत व्यावसायिक चित्रपटगृहांतून आली. तिच्या मुळाशी आवाज नव्हता, आगीची भीती होती. सुरुवातीची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. जळताना लागणारा ऑक्सिजन ती स्वतःच पुरवते, त्यामुळे एकदा पेटली की विझवणे जवळजवळ अशक्य. ब्रिटनमध्ये १९०९ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर प्रक्षेपक अग्निरोधक कक्षात ठेवणे सक्तीचे झाले. कक्षाच्या झरोक्यांवर आगीच्या वेळी झपकन खाली पडणाऱ्या झडपा असत. १९५० च्या दशकाच्या आरंभी नायट्रेट फिल्म मागे पडली. कक्ष आणि झरोका मात्र टिकले.

साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वळवते याचे माप, सुमारे १.५२ असतो. त्यामुळे सरळ येणाऱ्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के भाग प्रत्येक पृष्ठभागावरून परततो. दोन्ही बाजू मिळून ८ टक्के. पडद्यावर एवढी घट डोळ्याला जेमतेम जाणवते. पण परतलेला प्रकाश थेट प्रोजेक्टरच्या भिंगात शिरला, तर आतल्या आत उसळून पुन्हा बाहेर पडतो आणि चित्रातल्या काळ्या भागावर राखाडी झाक आणतो. शिवाय काचेच्या दोन पृष्ठभागांमध्ये दोनदा उलटून बाहेर पडणारा प्रकाश मूळ चित्राशेजारी फिकी दुसरी प्रतिमा उमटवतो. ती मूळ प्रकाशाच्या सहाशेव्या भागाइतकीच असते. भर दिवसाच्या दृश्यात कोणाला दिसणार नाही, काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या श्रेयनामावलीत मात्र दिसू शकते.

यावर दोन उपाय आहेत आणि ते एकमेकांना पूरक आहेत. पहिला, परावर्तनरोधक लेप. जुन्या, पृष्ठभाग किंचित झिजलेल्या काचेतून नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश जातो, हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांच्या १८८६ मध्येच लक्षात आले होते. १९३५ मध्ये कार्ल झाइस या जर्मन भिंग-कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी मुद्दाम चढवलेल्या लेपाचे पेटंट घेतले. मॅग्नेशियम फ्लोराइडचा जेमतेम १०० नॅनोमीटर जाडीचा एक थर परावर्तन दीड टक्क्याच्या आसपास आणतो. अनेक थरांचा लेप ते अर्ध्या टक्क्याखालीही नेतो. लेप दोन्ही बाजूंना हवा, एकाच बाजूचा लेप म्हणजे अर्धे काम.

दुसरा उपाय फुकटचा आहे: काच तिरकी बसवणे. साधारण ५ ते १० अंश कल दिला की उलटलेला झोत भिंगापासून बाजूला सरकतो. छताजवळच्या प्रोजेक्टरचा झोत खाली उतरत असेल, तर काचेची वरची कड प्रोजेक्टरच्या दिशेला झुकवावी, म्हणजे परावर्तन पेटीच्या तळाकडे जाते. तो तळ चकाकी नसलेल्या काळ्या रंगाचा असावा. कल दिल्याने चित्र वाकडे होईल अशी शंका घेतली जाते, ती निराधार आहे. समांतर पृष्ठभागांची ६ मिलिमीटर जाड काच ७ अंशांनी कलली, तर चित्र सुमारे पाव मिलिमीटर सरकते, बस्स.

काचेच्या जातींत फ्लोट काच, म्हणजे वितळलेल्या कथलावर तरंगवून सपाट केलेली काच, हाच पाया. साध्या फ्लोट काचेत लोहामुळे हिरवट झाक असते. पातळ काचेत ती नगण्य असली, तरी रंगांबद्दल काटेकोर असणाऱ्याने कमी लोहाची काच घ्यावी. टफन्ड काच, म्हणजे तापवून झटकन थंड केलेली काच, मजबूत खरी, पण भट्टीतल्या रोलरांमुळे तिच्यावर सूक्ष्म लाटा उमटतात. तिच्यातला कोंडलेला ताण ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशाशी खेळतो, म्हणून ध्रुवीकरणावर चालणाऱ्या त्रिमितीय चित्रणात ती टाळलेलीच बरी. ॲक्रिलिक हलके आणि कापायला सोपे. पण त्यावर ओरखडे लवकर पडतात आणि स्थिर विजेमुळे धूळ चिकटते. उष्णता परतवणारा लेप दिलेली किंवा रंगीत काच इथे कामाची नाही.

खरी फसगत दुहेरी काचेत होते. आवाज अडवण्यासाठी लोक खिडक्यांचे तयार हवाबंद दुहेरी युनिट बसवतात. त्यातल्या दोन काचा जवळजवळ समांतर असतात, पूर्ण नव्हे. त्यांच्यात ०.१ अंशाचा फरक असला, तरी ४ मीटरवरच्या पडद्यावर दुसरी प्रतिमा सुमारे १४ मिलिमीटर बाजूला पडते. दोन काचा हव्याच असतील, तर त्या वेगवेगळ्या चौकटींत, एकमेकींशी ५ अंशांच्या आसपास कोन ठेवून बसवाव्यात. मग ती प्रतिमा मूळ चित्रापासून बरीच दूर सरकते आणि तिचा मोठा भाग पडद्याबाहेर भिंतीवर जाऊ शकतो. लेप नसलेल्या दोन काचा प्रकाश सुमारे ८५ टक्क्यांवर आणतात, त्यामुळे इथे लेप टाळता येत नाही. आवाजाचे म्हणाल, तर एकच जाड काच आणि कडेने नीट बसवलेली रबरी पट्टी पुष्कळ काम करते. फट राहिली तर जाडी वाया.

काच किती मोठी हवी? झोत भिंगापासून पसरत जातो. पडद्याच्या अंतराचे रुंदीशी प्रमाण १.५ असेल आणि काच भिंगापासून १५ सेंटिमीटरवर असेल, तर झोताची रुंदी तिथे भिंगाच्या व्यासापेक्षा सुमारे १० सेंटिमीटरने जास्त असते. झूम किंवा लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता भिंग सरकवून चित्र वर-खाली किंवा बाजूला नेणे) वापरायची असेल, तर त्याहून मोकळी जागा सोडावी. पेटी बंद असल्यास हवा खेळती ठेवण्याची सोयही वेगळी हवी. काचेने आवाज अडतो, तशी गरम हवाही.

काचेवरची धूळ भिंगाजवळ असल्याने पडद्यावर ठिपक्यांसारखी उमटत नाही, चित्राचा उठाव मात्र कमी करते. लेप दिलेल्या काचेवर बोटांचे ठसे साध्या काचेपेक्षा ठळक दिसतात. ते मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसावेत, पण आधी धूळ फुंकून काढावी, नाहीतर तिचेच कण लेपावर ओढले जातात.