दहा हजार पावलं कुठून आली?

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांच्या मनगटावर हल्ली पावलं मोजणारा पट्टा नाहीतर घड्याळ लुकलुकत असतं. परवा एक काका घरी निघायच्या आधी आपल्या स्कूटरलाच प्रदक्षिणा घालत होते. मी बघतेय म्हटल्यावर जरा ओशाळले. "दीडशे राहिलीत हो," म्हणाले. थोड्या वेळाने मनगट थरथरलं, काकांनी किल्ली फिरवली आणि गेले. दहा हजार भरली होती. हा आकडा कुणी ठरवला, असं विचारलं असतं तर त्यांनी बहुधा डॉक्टरांकडे बोट दाखवलं असतं. डॉक्टर बिचारे या गोष्टीत फार उशिरा आले.

आकडा जपानचा. १९६४ साली टोकियोत ऑलिम्पिक झालं आणि त्या देशात व्यायामाचं वारं सुटलं. पुढच्याच वर्षी यामासा नावाच्या कंपनीने कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आणलं. नाव ठेवलं 'मानपो-केई'. मान म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पावलं, केई म्हणजे मोजणारं. योशिरो हातानो या संशोधकांचं चालण्यावरचं काम त्या आकड्याच्या पाठीशी होतं खरं, पण तो लोकांच्या डोक्यात बसला तो यंत्राच्या नावामुळे. दहा हजारासाठीचं जपानी अक्षर चालत्या माणसासारखं दिसतं, अशीही एक मौज सांगतात. तर ज्या आकड्यावर आपण रोज रात्री पास-नापास होतो, तो मुळात दुकानातल्या खोक्यावर छापलेला होता. मला यात फसवणूक वगैरे दिसत नाही. विकणाऱ्याने गोल आकडा निवडला, इतकंच. नऊ हजार सातशे कोण लक्षात ठेवणार?

गंमत म्हणजे हेच दहा हजार त्याच्या शंभर वर्षं आधी आपल्याकडच्या एका माणसाच्या हातात फिरत होते, आणि त्यांचा व्यायामाशी सुतराम संबंध नव्हता. हे नैनसिंह रावत, कुमाऊँच्या डोंगरातले शाळामास्तर. तिबेटात परक्या माणसाला मज्जाव होता आणि ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्याला तिथला नकाशा हवा होता. म्हणून १८६३ पासून नैनसिंहांना डेहराडूनला शिकवून तयार केलं. चढ असो, उतार असो, सपाट असो, पाऊल एकाच मापाचं पडलं पाहिजे, ही मुख्य तालीम. हातात जपमाळ दिली, पण तिच्यात १०८ मणी नव्हते, १०० होते. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. माळेची एक फेरी झाली की दहा हजार पावलं, म्हणजे साधारण पाच मैल. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी टिपणाच्या चिठ्ठ्या. अशाने ते १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. बघणाऱ्याला वाटावं, यात्रेकरू जप करत चाललाय. माळ मात्र रस्ता मोजत होती.

मानपो-केई येईपर्यंतची बहुतेक मोजणी रस्त्याची होती. लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत अंतर मोजणाऱ्या यंत्राची रेखाटनं आहेत. स्वित्झर्लंडचे घड्याळजी पेरले यांनी १७७० च्या दशकात अंगाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं घड्याळ केलं आणि त्याच कल्पनेवर पावलं मोजणारं यंत्र बेतलं. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन फ्रान्समधून असंच एक यंत्र घेऊन आले होते. या सगळ्यांचा प्रश्न एकच: किती दूर आलो? मानपो-केईने प्रश्न फिरवला. रस्ता कितीही असो, माणूस किती हलला ते सांगा. आज मनगटावर जे काही बांधलं जातं, त्याचा उगम या फिरवलेल्या प्रश्नात आहे.

आमच्याकडे, खरं तर, माणसाची मोजणी नवी नाही. कोकणातल्या जुन्या घरांत सोळा सोमवार, लाख वाती, वडाच्या, पिंपळाच्या नाहीतर तुळशीच्या प्रदक्षिणा असे नेम चालायचे आणि त्यांचा हिशेब चिंचोक्यांनी ठेवला जायचा. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. गणपतीपुळ्याला डोंगरच देव मानतात, म्हणून त्या सबंध डोंगराला प्रदक्षिणा असते, साधारण एक किलोमीटरची. ती रोज घालणारी माणसं आहेत, आणि एक दिवस चुकला तर त्यांना जेवण गोड लागत नाही. आजची अॅप 'सलग ४७ दिवस' म्हणून जी ज्योत पेटवून दाखवतात, ती दुसरं काय करतात? नेमात खंड पडू नये, ही आपली जुनी धास्ती त्यांनी बरोबर ओळखली आहे.

आणि ही धास्ती कामाची आहे, असं पुढे संशोधनातही दिसलं. २००७ साली अमेरिकेत २६ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. पावलं मोजणारं साधं यंत्र लावल्यावर लोकांची हालचाल आधीपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी वाढली होती. त्यातली खुबी अशी, की ज्यांच्यापुढे रोजचं काही ठरलेलं लक्ष्य होतं त्यांची वाढली. नुसतं यंत्र अडकवून फिरण्याने फारसं काही साधत नाही. चिंचोके हवेत, तसा संकल्पही हवा.

यंत्रांची पुढची वाटचाल भराभर झाली, तीही बरीचशी उसनवारीवर. मोटारीतली एअरबॅग नेमकी धडकेच्या क्षणी फुगावी म्हणून झटका ओळखणारी सिलिकॉनची चिप १९९० च्या दशकात स्वस्त झाली. तीच पुढे फोनमध्ये आणि मनगटी पट्ट्यात शिरली. आपल्या पावलाचा हिसका तीच मोजते. फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ मध्ये छातीला पट्टा आणि मनगटाला घड्याळ अशी बिनतारी जोडी आणली, ती खेळाडूंच्या हृदयाच्या ठोक्यांसाठी. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाला अंतर नीट मोजता येऊ लागलं. २००९ मध्ये फिटबिट या अमेरिकी कंपनीचा पावलं मोजणारा, कपड्याला अडकवायचा चिमटा आला. ९९ डॉलरचा, रत्नागिरीत कोण घेणार तो!

आपल्याकडे हे खाली झिरपलं ते २०१५ मध्ये, शाओमीचा पहिला पट्टा ९९९ रुपयांना आला तेव्हा. त्याला पडदाही नव्हता, तीन बारीक दिवे फक्त. नंतर देशी नावांची घड्याळं आली, दोन-दोन हजारांत मोठ्ठा पडदा, आणि २०२२ च्या सुमारास स्मार्ट घड्याळांच्या खपात भारत जगात पहिला झाला. करोनात घरोघरी ऑक्सिमीटर आले होते, त्यामुळे घड्याळ ऑक्सिजनही सांगतं म्हटल्यावर लोकांनी डोळे मिटून घेतलं. २०२४ मध्ये खप पहिल्यांदा घसरला. कपाटात पडलेली दुसरी-तिसरी घड्याळं बघता मला त्याचं नवल वाटलं नाही.

आता हे यंत्र नक्की काय मोजतं, ते बघू. मनगटावरचा पट्टा पायाकडे बघतच नाही, तो हाताकडे बघतो आणि पायाचा अंदाज बांधतो. गणपतीत गावी गेले होते. आतेच्या हातात माझा पट्टा बांधला. ती विळीवर बसून मोदकांच्या सारणासाठी नारळ खोवत होती. पाच नारळ झाले तेव्हा पट्ट्याने साडेतीनशेच्या वर पावलं लावली होती. बसल्या जागेवरून. संध्याकाळी तीच आते गवताचा भारा डोक्यावर घेऊन, दोन्ही हातांनी तो धरून, वहाळापासून पाखाडीच्या चिऱ्याच्या पायऱ्या चढून घरी आली. मी मागून मोजत होते. पट्ट्याने निम्मीसुद्धा धरली नाहीत. "काय गो, माझे कष्ट खाल्लेनीत की काय यानं?" आते म्हणाली.

पुळणीचंही तसंच. कोरड्या मऊ वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा लागते, हे १९९८ मध्येच मोजून झालं आहे. पाय रुततो, वाळू सरकते, पोटऱ्या बोलायला लागतात. पट्ट्याच्या लेखी मात्र वाळूतलं पाऊल आणि डांबरावरचं पाऊल सारखंच. म्हणून त्याने दाखवलेल्या कॅलरींवर विसंबून कुणी घावन वाढवून घेऊ नये. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके सातांपैकी सहांनी बऱ्यापैकी बरोबर सांगितले, चूक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरींत मात्र सगळ्यांत चांगलं उपकरणसुद्धा २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्क्यांनी. ठोके जमतात, कारण पट्ट्याच्या पोटाशी हिरवा दिवा असतो, रक्त हिरवा प्रकाश शोषतं आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी ते शोषणं कमी-जास्त होतं. तेवढं पट्ट्याला दिसतं, त्यासाठी तो कातडीला नीट टेकलेला हवा. कॅलरी त्याला दिसत नाहीत. वय, वजन, ठोके आणि हिसके यांवरून तो हिशेब मांडतो.

वजनाच्या बाबतीत तर एक अभ्यास कंपन्यांना अडचणीचा निघाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सुमारे ४७० तरुण माणसं दोन वर्षं होती. सगळ्यांना आहार-व्यायामाचं मार्गदर्शन होतं, निम्म्यांना पुढे अंगावर घालायचं यंत्रही दिलं. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोंनी उतरलं, बिनयंत्रवाल्यांचं जवळपास सहा किलोंनी. कारण काय, यावर बरीच चर्चा झाली. पट्ट्याने शाबासकी दिली की माणूस ताटात सूट घेतो, असा एक तर्क. आमच्या घरात तो तर्क मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

आणि दहा हजारांचं काय? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १७ हजार वयस्कर बायकांवरचा अभ्यास आला. त्यांचं सरासरी वय ७२. रोज ४,४०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी होतं. फायदा साडेसात हजारांपर्यंत वाढत गेला आणि मग स्थिरावला. तेव्हा स्कूटरभोवतीची ती शेवटची दीडशे पावलं काकांच्या मनासाठी होती. त्यालाही माझी ना नाही.

कोकणात असलं यंत्र घेताना दुकानातल्या यादीपेक्षा इथली हवा आधी आठवावी. आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. भर पावसात नुसत्या स्पर्शाचा पडदा वेडा होतो. थेंब पडला तरी त्याला बोटच वाटतं आणि तुमचं चालणं अर्ध्यावर थांबवून टाकतो. एक तरी खरं, दाबायचं बटण हवंच. धूळ-पाणी आत शिरत नाही असं सांगणारा खोक्यावरचा आयपी ६८ हा शिक्का गोड्या पाण्याच्या परीक्षेचा असतो, समुद्राचा नव्हे. पोहायचं असेल तर ५ एटीएम (पाण्याचा दाब किती सोसतं त्याचं माप) लिहिलेलं घ्यावं आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर नळाखाली धुवावं, नाहीतर चार्जिंगच्या पिना हिरव्या पडतात. वैशाखात सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम कोंडून पुरळ येतं. कापडी पट्टा बरा, रोज धुता येतो. माडा-पोफळींच्या वाडीत जीपीएस भरकटतं. माझ्या नकाशावर मी एकदा चक्क शेजाऱ्यांच्या विहिरीतून चालत गेले होते. पाखाडी चढण्याचं पुण्य पदरात पडावं असं वाटत असेल तर हवेच्या दाबावरून चढ ओळखणारं उपकरण बघावं लागतं. ते स्वस्तात सहसा नसतं.

आणि बॅटरी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं, त्यानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. रोज चार्जिंग मागणारं भारी घड्याळ अशा वेळी मनगटावरची काळी काच होऊन बसतं. वादळ जाऊ दे, नेहमीच्या जून-जुलैतसुद्धा गावी रात्र-रात्र वीज नसते. दहा-बारा दिवस पुरणारा साधा पट्टा मला म्हणून जास्त भावतो. शिवाय प्रत्येकाचा चार्जर निराळा. तो हरवला की तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. नुसतं चालायचंच असेल तर खिशातला फोनही पावलं मोजतो, त्यासाठी काही विकत घ्यायलाच नको. धावायचं, सायकलने घाट चढायचा, तर मात्र जीपीएस आणि छातीचा पट्टा यांवर खर्च करावा.

माझा जुना पट्टा या मे महिन्यात आतेने मागून घेतला. मी हरखून तिला रोजचं लक्ष्य चार हजारांवर लावून द्यायला बसले. तिने हात मागे घेतला. "पावलं नको गो सांगायला. रात्री वीज गेली की काळोखात किती वाजले ते दिसतं ना यावर, म्हणून हवाय."