डिव्हाइस सिंक

कंपनीच्या नावावर नोंदवलेला संगणक ठरावीक अंतराने क्लाउडमधल्या व्यवस्थापन सेवेशी संपर्क साधतो, आपली हालहवाल कळवतो आणि नवे नियम, ॲप्स व डिजिटल प्रमाणपत्रे उतरवून घेतो. या व्यवहाराला डिव्हाइस सिंक म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘चेक-इन’. या क्षेत्रातली सर्वपरिचित सेवा मायक्रोसॉफ्ट इंट्यून ही २०११ मध्ये ‘विंडोज इंट्यून’ या नावाने आली आणि २०१४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. ॲपलने २०१० मध्ये आयओएस ४ बरोबर आपल्या उपकरणांसाठी अशीच सोय केली होती.

सिंकमध्ये पुढाकार संगणकाचा असतो, सर्व्हरचा नव्हे. ॲडमिनने (कंपनीचे संगणक सांभाळणाऱ्याने) कन्सोलवर, म्हणजे सेवेच्या नियंत्रण-पानावर, पॉलिसी (नियम) असाइन केली की ती सर्व्हरवर वाट पाहत पडून राहते; संगणक विचारायला येईल तेव्हाच त्याच्या हाती पडते. घाई असेल तर सर्व्हर पुश सूचना पाठवतो. विंडोजसाठी ती डब्ल्यूएनएस या मायक्रोसॉफ्टच्या सूचना-सेवेमार्गे जाते, ॲपलसाठी एपीएनएस या ॲपलच्या सूचना-सेवेमार्गे. तीत पॉलिसी नसते, ‘येऊन जा’ एवढाच निरोप असतो. संगणक बंद असेल किंवा नेटवर्कवर नसेल, तर कन्सोलवरचे ‘सिंक’ बटण कितीही वेळा दाबले तरी काही घडत नाही.

प्रत्यक्ष संवाद विंडोजवर ओएमए-डीएम या उपकरण-व्यवस्थापनाच्या प्रोटोकॉलने (ठरलेल्या संवादपद्धतीने), सिंकएमएल या एक्सएमएलवर आधारित स्वरूपाच्या संदेशांतून होतो. समजा, डिस्क एन्क्रिप्ट करायची आहे. सर्व्हर बिटलॉकरच्या (विंडोजमधल्या डिस्क एन्क्रिप्शनच्या सोयीच्या) सेटिंगचा पत्ता देऊन ‘रिप्लेस’ हा आदेश धाडतो. तो पत्ता सांभाळणारा विंडोजमधला घटक, म्हणजे सीएसपी, मूल्य बदलतो आणि उत्तरात २०० हा ‘काम झाले’ असे सांगणारा सांकेतिक क्रमांक परत जातो. पत्ताच सापडला नाही तर ४०४ जातो. कन्सोलवर दिसणारा ‘यशस्वी’ किंवा ‘त्रुटी’ हा शेरा अशाच उत्तरांवरून तयार होतो. त्यामुळे तो शेवटच्या सिंकच्या वेळची स्थिती सांगतो, आत्ताची नव्हे. म्हणूनच शेऱ्याआधी ‘लास्ट चेक-इन’चा रकाना वाचायची सवय प्रत्येक ॲडमिनने लावून घ्यायला हवी.

नव्याने नोंदवलेला विंडोज संगणक पहिली १५ मिनिटे दर ३ मिनिटांनी, पुढचे २ तास दर १५ मिनिटांनी आणि नंतर साधारण दर ८ तासांनी संपर्क साधतो. हे वेळापत्रक विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ‘EnterpriseMgmt’ या फोल्डरात पाहता येते. वापरकर्त्याला हाताने सिंक करायचे असेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ येथे जाऊन कंपनीच्या खात्याच्या ‘इन्फो’मधील सिंक बटण दाबावे.

मात्र एक गोष्ट नवख्यांना हमखास गोंधळात टाकते. विन३२ ॲप्स (विंडोजचे पारंपरिक डेस्कटॉप प्रोग्राम) आणि पॉवरशेल स्क्रिप्ट (विंडोजला द्यायच्या आज्ञांच्या फाइली) या वाटेने येतच नाहीत. त्यांच्यासाठी ‘इंट्यून मॅनेजमेंट एक्स्टेंशन’ हा वेगळा एजंट संगणकावर बसवला जातो आणि त्याचे वेळापत्रकही वेगळे असते. नव्या विन३२ ॲप्ससाठी तो साधारण तासातासाने विचारणा करतो. सेटिंग्जमधून सिंक यशस्वी झाले, तरी ॲप आले नाही, अशी तक्रार आली की या एजंटची सर्व्हिस रीस्टार्ट करून पाहावी. त्याचे लॉग (कामाच्या नोंदी) प्रोग्रामडेटा फोल्डरात मिळतात.

सिंक अडण्याची कारणे बहुधा साधीच असतात. ‘डीएमडब्ल्यूॲपपुशसर्व्हिस’ ही सर्व्हिस टेलिमेट्रीशी (मायक्रोसॉफ्टला वापराची माहिती पाठवण्याशी) संबंधित समजून काही जण विंडोज ‘हलके’ करण्याच्या नादात बंद करून टाकतात आणि सिंक बिघडते. एन्क्रिप्टेड वाहतूक उघडून तपासणारा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) वाटेत आला तरी तेच होते. इंट्यूनचे पत्ते अशा तपासणीतून वगळावेच लागतात. संगणकाची ओळख पटवणारे प्रमाणपत्र वर्षभराचे असते व एरवी आपोआप नूतनीकृत होते, पण दीर्घकाळ कपाटात पडलेल्या लॅपटॉपचे ते संपून जाते. मग बहुतेक वेळा पुन्हा नोंदणी करावी लागते. ॲपलचे पुश प्रमाणपत्र मात्र दरवर्षी ॲडमिननेच, आणि तेही मूळ ॲपल खात्यातूनच, नूतनीकृत करायचे असते. भलत्या खात्यातून नवे काढले तर सगळी ॲपल उपकरणे पुन्हा नोंदवण्याची वेळ येते. विंडोजवरच्या बिघाडाचा माग इव्हेंट व्ह्यूअर या नोंदी दाखवणाऱ्या साधनातील ‘डिव्हाइसमॅनेजमेंट-एंटरप्राइझ-डायग्नोस्टिक्स-प्रोव्हायडर’ या लॉगमध्ये लागतो.

सिंक थांबल्याचा फटका लगेच जाणवत नाही. मूळ सेटिंगनुसार ३० दिवस स्थिती न कळवलेले उपकरण ‘नॉन-कंप्लायंट’ (नियमांत न बसणारे) ठरते, आणि कंडिशनल ॲक्सेस, म्हणजे नियमांत बसणाऱ्या उपकरणांनाच प्रवेश देणारी व्यवस्था, लागू असेल तर वापरकर्त्याला एके दिवशी अचानक मेलही उघडता येत नाही.

८ तासांच्या या अंतरात कोणी स्थानिक पातळीवर सेटिंग बदलले तर काय, यावर विंडोज ११ मध्ये ‘कॉन्फिग रिफ्रेश’चा उपाय आहे. तो सुरू केल्यास संगणक आधी मिळालेल्या पॉलिसी सर्व्हरला न विचारता पुन्हा लागू करतो. अंतर मुळात ९० मिनिटांचे असते व ३० मिनिटांपर्यंत कमी करता येते. ॲपलने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या डिक्लरेटिव्ह व्यवस्थापनात उपकरण स्वतःच आपली स्थिती तपासते आणि बदल झाला की आपणहून कळवते. नवी पॉलिसी मिळवण्यासाठी मात्र दोन्हीकडे सर्व्हरशी संपर्क लागतोच.